लेक्रेचा ‘रिअल टॉक’ म्हणजे ठेक्यावरचं प्रवचन? त्या पोस्टला हे उत्तर

बेताल_नाही (धागाकर्ता)

काल वाचलेल्या एका पोस्टचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून धागाच काढतोय. विषय ‘ख्रिश्चन रॅपर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन लेक्रेचा पहिला अल्बम, ‘रिअल टॉक’, २००४. पोस्टकर्त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अल्बम म्हणजे ठेक्यावर म्हटलेलं प्रवचन, ज्यांची खऱ्या रॅपमध्ये डाळ शिजत नाही ते चर्चचा आडोसा धरतात, आणि दर दोन ओळींनी येशूचं नाव आलं की कविता तिथंच संपते.

ही गाणी कोणासमोर उभी राहिली, हे आधी बघा. ह्यूस्टनचा, आईनं एकटीनं वाढवलेला, अमली पदार्थांच्या नादी लागलेला पोरगा. एकोणिसाव्या वर्षी ख्रिस्ती विश्वासात येतो आणि पुढे टेक्सासमधल्या बालसुधारगृहात जाऊन तिथल्या पोरांपुढे रॅप करायला लागतो. त्या पोरांनी ज्या तऱ्हेनं प्रतिसाद दिला त्यातूनच पुढचा सगळा मार्ग निघाला. २००४ मध्ये बेन वॉशरबरोबर रीच रेकॉर्ड्स ही संगीत कंपनी काढली आणि हा अल्बम आला. पुढच्या वर्षी क्रॉस मूव्हमेंट रेकॉर्ड्सनं तो पुन्हा काढला.

आता सांगा, कोठडीतल्या सोळा वर्षांच्या पोरापुढे प्रतिमांचे मनोरे रचायचे? त्याला सरळच सांगावं लागतं: मी तुझ्यासारखाच होतो, आणि हे असं झालं. पोस्टकर्ते ज्याला प्रवचन म्हणतात ती साक्ष आहे. प्रवचन देणारा स्वतःला बाहेर ठेवू शकतो, साक्ष देणाऱ्याला ती सोय नाही. ‘टेक मी अ‍ॅज आय अ‍ॅम’ ऐका. ‘एलियन्स’ ऐका, बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातले ‘प्रवासी व परदेशवासी’ त्यानं थेट आपल्या वस्तीत आणून उभे केलेत. ज्याला कुठेच घर वाटत नाही अशा पोराला हे ऐकून काय वाटत असेल, याचा विचार न करता ‘संडेस्कूल’ म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं.

कोरा_कागद

असहमत. गाणं कोणासाठी लिहिलं यावरून ते चांगलं ठरत नाही. हेतू चांगला होता, मान्य. पण सीडी काही फक्त सुधारगृहात वाटली नाही. ती विकत घेतली आधीपासून विश्वास असलेल्यांनी, आणि त्यांना त्यात जे मिळालं ते त्यांना आधीच माहीत होतं.

त्याच २००४ मध्ये रॅपर कान्ये वेस्टचाही पहिला अल्बम आला. त्यात ‘जीझस वॉक्स’ आहे. देवाबद्दल बोललो तर रेडिओ वाजवणार नाही, ही भीती तो गाण्यातच बोलून दाखवतो, देवाशी बोलावंसं वाटतंय पण धीर होत नाही म्हणतो. पुढच्या वर्षी सर्वोत्तम रॅप गाण्याचं ग्रॅमी त्यालाच. त्या एका गाण्यात जी घालमेल आहे ती ‘रिअल टॉक’च्या सबंध अल्बममध्ये मला सापडत नाही. इथं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर गाणं सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं.

श्रद्धेच्या कवितेला भांडण लागतं हो. तुकोबा विठ्ठलाला काय काय सुनावतात! आणि बायबलचंच हवं असेल तर स्तोत्र ८८ उघडा. शेवटपर्यंत अंधार, दिलाशाची एक ओळ नाही. ते स्तोत्र ज्या पुस्तकात आहे ते मानणाऱ्याला पहिल्या अल्बमभर एकदाही अंधारात थांबावंसं वाटू नये?

जुनं_गायनमंडळ

तुम्ही दोघं शब्दांवर भांडताय, मला मूळ प्रकारच मान्य नाही. देवाचं वचन गांभीर्यानं ऐकायचं असतं. या संगीताची सगळी ऐट ‘मी’ची आहे: मी कोण, मी कुठून आलो, माझ्यापुढे कोण टिकतो. त्यात येशूची सुवार्ता बसवायला गेलं की सुवार्ता वाकते, संगीत वाकत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत काही पाळकांच्या एका चर्चासत्रात हेच बोललं गेलं तर केवढा गदारोळ झाला! एकानं तर या रॅपर्सना थेट भित्रे ठरवलं. ते बोलणं वाईटच होतं, त्यांना नंतर माफीही मागावी लागली, पण शंका खोटी नव्हती.

आमच्या चर्चच्या मंडळीत हे रॅप आलं त्यानंतर ड्रमसेट आला, मग धुराचं यंत्र आलं. आता उपासनेत शेजारच्याचा आवाज ऐकू येत नाही. चार सुरांत गाणारी माणसं होती आमच्याकडे, अल्टो-टेनर सगळं वाचून गाणारी. ती आता मागच्या बाकावर गप्प बसतात. ऐकू येत नाही म्हणून यायचं सोडलंय त्यांतल्या काहींनी. याचा हिशेब कोण देणार?

बेताल_नाही

@जुनं_गायनमंडळ, काका, तुमच्या गायनमंडळाबद्दल वाईट वाटतं, खरंच. पण धुराच्या यंत्राचा दोष लेक्रेच्या माथी कशाला? त्यानं हा अल्बम उपासनेत वाजवा म्हणून केलेला नाही. आणि ‘मी’ची ऐट म्हणाल तर पौलाची पत्रं पुन्हा वाचा. पाप्यांमध्ये मी मुख्य, हेही ‘मी’च आहे.

@कोरा_कागद, कान्येचं एक गाणं आणि बाकी अल्बम वेगळ्याच गोष्टींचा. अधूनमधून देव आठवणाऱ्याला ‘प्रामाणिक’ म्हणायचं आणि रोज देवाबरोबर जगण्याचा प्रयत्न करणाऱ्याला ‘प्रचारक’, हे माप मला मंजूर नाही.

ह्यूस्टन_टेप

दोन गोष्टी, दोन्ही संगीताच्या.

एक. ह्यूस्टन म्हणजे डीजे स्क्रूचं गाव. गाणं संथ करून, कापून, ओढून त्यानं एक अख्खा नाद जन्माला घातला. रॅपर स्कारफेस त्याच गावचा. मरण, पाप, देवाची भीती हे सगळं त्याच्याकडे नव्वदच्या दशकातच आहे. त्या मातीतला माणूस पहिला अल्बम काढतो आणि निम्म्या ठिकाणी बीट कसे? तेव्हा रेडिओवर जे चालू होतं त्याची स्वस्तातली प्रतिकृती. माझी तक्रार येशूच्या नावाबद्दल नाहीच. आशय स्वतःचा आणि ताल उसना, हे मला खटकतं. २००६ चा दुसरा अल्बम त्या मानानं खूप भरीव आहे.

दोन. हे ‘ख्रिश्चन रॅपर’ लेबल काय प्रकरण आहे? रॅपर डीएमएक्सचा पहिला अल्बम १९९८ चा. त्यात शिव्या आहेत, कुत्र्यांचं भुंकणं आहे, आणि मध्येच तो सरळ प्रार्थना करतो. पुढेही अल्बममागून अल्बम प्रार्थना होत्याच. त्याला कोणी त्या खणात टाकलं नाही. रॅपर रकीम फाइव्ह पर्सेंट नेशनची (नेशन ऑफ इस्लाममधून फुटलेला काळ्या अमेरिकनांचा पंथ) अख्खी परिभाषा वापरतो. त्याला आपण रकीमच म्हणतो, धर्माचं विशेषण लावत नाही. केंड्रिक लमारचा २०१२ चा अल्बम तर पापी माणसाच्या प्रार्थनेनंच सुरू होतो. लेबल लावलं की दुकानात कप्पा ठरतो, आणि त्या कप्प्यात दर्जाची स्पर्धाच कमी असते.

दोन्ही_काठ

लेबलचा विषय निघालाच आहे तर त्या कप्प्यात गिऱ्हाईक कोण होतं तेही बोला. त्याचा मोठा ग्राहक गोऱ्या चर्चमधला युथ ग्रुप होता.

मी अमेरिकेत शिकत होते तेव्हा ज्या मंडळीत जायचे तिथले तरुणांचे पुढारी प्रत्येक शिबिराला जाताना गाडीत लेक्रे लावायचे. ‘११६’चे टीशर्ट घालायचे, रोमकरांस १:१६, ‘मला सुवार्तेची लाज वाटत नाही’. पोरं अख्खे अल्बम पाठ म्हणायची. मग ऑगस्ट २०१४ मध्ये फर्ग्युसन गावात मायकल ब्राउन या काळ्या पोराला पोलिसाची गोळी लागली आणि लेक्रे त्याबद्दल बोलायला लागला. गाडीतलं वातावरण बदललं. ४ जुलै २०१६ ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, त्यानं कापूस वेचणाऱ्या गुलामांचा फोटो टाकला, त्यानंतर त्याच पुढाऱ्यांनी मला सांगितलं की हा माणूस ‘सुवार्तेपासून भरकटलाय’. मी विचारलं, कुठली ओळ चुकली? उत्तर नाही. गाणी लावणं बंद झालं. त्या पोरांना कारण कोणी सांगितलं नाही.

म्हणून ‘रिअल टॉक’वर लोक इतक्या प्रेमानं बोलतात तेव्हा मला घुसमटायला होतं. तो अल्बम त्यांना आवडतो कारण त्यात पाप आहे ते काळ्या वस्तीतलं: ड्रग्ज, बाई, पैसा. ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या पापाला कुठं हात लागत नाही.

बेताल_नाही

हे अवांतर आहे. धागा अल्बमचा आहे, अमेरिकेच्या राजकारणाचा नाही.

दोन्ही_काठ

अवांतर? तुम्हीच लिहिलंत की गाणी कोणापुढे उभी राहिली ते बघा. सुधारगृहातली पोरं बघायची आणि गाडीतली नाही, असं का?

जुनं_गायनमंडळ

माणसानं सुवार्ता सांगायची की चळवळ करायची हे एकदा ठरवावं. दोन्ही एकदम केलं की दोन्हीकडचे लोक दुरावतात.

दोन्ही_काठ

काका, आमोस संदेष्ट्यानं काय केलं मग? न्याय पाण्यासारखा वाहू द्या म्हणणं ही चळवळ, आणि चार सुरांत गाणं ही उपासना? आमोसच्या पाचव्या अध्यायात देव म्हणतो तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर करा. तुमचं गायनमंडळही त्यात आलं.

जुनं_गायनमंडळ

वय बघून बोला. वचन मला शिकवू नका.

कोरा_कागद

ताई बरोबर बोलतायत, फक्त स्वर जरा चढलाय. आणि त्यांच्या बोलण्यातून माझाच मुद्दा पुढे जातो. २०१७ मध्ये त्यानं एका पॉडकास्टवर गोऱ्या इव्हँजेलिकल (सुवार्तावादी प्रोटेस्टंट) जगाशी आपण काडीमोड घेतल्याचं सांगितलं. त्या काळातल्या गाण्यांत शंका आहे, राग आहे, थकवा आहे. तिथं तो कवी म्हणून मोठा होतो. म्हणजे पहिल्या अल्बममध्ये जे नव्हतं ते आयुष्यानं ठोकून ठोकून त्याच्याकडून लिहून घेतलं.

ह्यूस्टन_टेप

एक दुरुस्ती सुचवतो. मोठा तो त्याआधीच झाला होता. २०१२ चा ‘ग्रॅव्हिटी’ आणि त्यावरचं गॉस्पेल अल्बमचं ग्रॅमी, मग २०१४ चा ‘अनॉमली’ बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत पहिला. कप्पा त्यानं तेव्हाच फोडला होता. पाठ फिरवणाऱ्यांनी यशस्वी माणसाकडे पाठ फिरवली, म्हणून तो टिकला. त्याच मंडळींवर पोट असलेला एखादा छोटा रॅपर असता तर संपला असता. ताईंच्या गाडीच्या गोष्टीत मला हेच भयंकर वाटतं.

बेताल_नाही

ठीक आहे. गाडीतली पोरंही श्रोते होती, हे मी नाकारत नाही, आणि बीट उसने आहेत हेही नाकारता येणार नाही. पण ‘पाप फक्त काळ्या वस्तीतलं’ हे मला अजिबात मान्य नाही, @दोन्ही_काठ. तो दुसऱ्याच्या वस्तीकडे बोट दाखवत नव्हता, स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलत होता. ते ऐकून गाडीतल्या पोरांना आपण सुटलो असं वाटलं असेल तर ती जबाबदारी गाणाऱ्याची कशी? पंचविशीतल्या माणसानं पहिल्याच अल्बममध्ये अख्ख्या देशाच्या पापाचा हिशेब मांडायला हवा होता का? त्यानं स्वतःचा मांडला. तोही बहुतेक जण मांडत नाहीत.

आणि @कोरा_कागद, स्तोत्र ८८ आहे तसं स्तोत्र ४० पण आहे. चिखलातून वर काढलं, पाय खडकावर ठेवले, तोंडी नवं गीत घातलं. नुकताच वर आलेला माणूस आधी तेच गाणार. त्याला तिथंच शंकेचं गाणं म्हणायला लावणं मला क्रूर वाटतं.

कोरा_कागद

४० वं पुढेही वाचा. नवं गीत झाल्यावर त्याच स्तोत्रात तो पुन्हा संकटात आहे, ‘विलंब करू नको’ म्हणतोय. दोन्ही एकाच गाण्यात आहेत. मला ‘रिअल टॉक’मध्ये तेवढंच हवं होतं.

दोन्ही_काठ

@बेताल_नाही, जबाबदारी गाणाऱ्याची नाही, मान्य. मग जबाबदारी ज्यांची होती त्यांच्याबद्दल एक ओळ तरी लिहा. अख्ख्या धाग्यात त्यांना तुम्ही एकदाही हात लावलेला नाही.