मदत हवी आहे: लिबर्टेरियनला मत दिलं तर ते वाया जातं का? (तातडीचं!)

त्रस्त_करदाता | २९ ऑक्टोबर २०२४

नमस्कार मंडळी. शुक्रवारी मतदान संपतंय आणि माझं काही केल्या ठरत नाहीये.

दोन्ही पक्षांचा वीट आलाय. एकजण, ट्रंप, म्हणतो कर कमी करतो, आणि त्याच तोंडाने चीनच्या मालावर ६० टक्के टॅरिफ लावायची भाषा करतो. माझा निम्मा कच्चा माल तिकडूनच येतो. दुसरी, कमला हॅरिस, म्हणते नव्या धंद्याला ५० हजार डॉलरची वजावट देते. माझा धंदा जुना आहे हो, मी काय करू? तिसरा लिबर्टेरियन पक्षाचा चेस ऑलिव्हर. सरकारने खिशातून हात काढावा, माणसांना त्यांचं त्यांना जगू द्यावं, एवढं तरी तो सरळ बोलतो. बायको म्हणते त्याला मत म्हणजे कचऱ्याच्या डब्यात मत.

द्यावं की नाही? हो किंवा नाही एवढंच सांगा. भाषण नको.

---

बिनधास्त_बंडू | ३० ऑक्टोबर

शुक्रवारी कसं संपतंय? अमेरिकेचं मतदान मंगळवारी ५ नोव्हेंबरला ना? आमच्याकडे पुण्यात २० तारखेला आहे. तुम्ही नक्की कुठल्या देशात आहात?

---

आकडेमोड | ३० ऑक्टोबर

बंडू, ते अर्ली वोटिंगबद्दल, म्हणजे मुख्य दिवसाआधी मत देण्याच्या सोयीबद्दल बोलत असावेत.

त्रस्त, राज्य कुठलं? हे सांगितल्याशिवाय तुमच्या प्रश्नाला उत्तरच नाही. राष्ट्राध्यक्ष देशभरच्या बेरजेने निवडला जात नाही, राज्याराज्याने जातो. कॅलिफोर्नियात तुम्ही ऑलिव्हरला द्या नाहीतर घरी झोपून राहा, राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या तिथल्या ५४ प्रतिनिधींना, म्हणजे इलेक्टर्सना, काही फरक पडत नाही. अटीतटीच्या पेनसिल्व्हेनियात असाल तर मात्र गोष्ट वेगळी.

---

मिशिगनची_मावशी | ३० ऑक्टोबर

नाही. नाही. नाही. तीनदा लिहिलं.

२०१६ साली आमच्या घरातली दोन मतं लिबर्टेरियन गॅरी जॉन्सनला गेली. माझं आणि ह्यांचं. दोघेही फार तत्त्वनिष्ठ होतो तेव्हा. मिशिगन ट्रंपकडे गेलं १०,७०४ मतांनी, आणि जॉन्सनला इथे १ लाख ७२ हजार पडली होती. निकालाच्या रात्री मी दोन वाजेपर्यंत टीव्हीसमोर बसले होते. ज्याला तत्त्व परवडतं त्याने पाळावं, बाबा.

---

ऑस्टिनकर | ३० ऑक्टोबर

मावशी, हा हिशोब दरवेळी मांडला जातो आणि दरवेळी चुकतो. ती १ लाख ७२ हजार माणसं जॉन्सन नसता तर हिलरीकडे गेली असती हे तुम्हाला कोणी सांगितलं? जॉन्सन न्यू मेक्सिकोचा रिपब्लिकन गव्हर्नर होता, त्याचा जोडीदार वेल्ड मॅसॅच्युसेट्सचा रिपब्लिकन गव्हर्नर. त्यातली बरीच ट्रंपकडे गेली असती, बरीच घरी बसली असती. तुमची दोन सोडा, बाकीच्यांचं तुम्हाला काय माहीत?

मी टेक्ससमध्ये आहे, बिनधास्त लिबर्टेरियनला देतो. मत उमेदवाराच्या मालकीचं नसतं, म्हणून ते 'खाल्लं' असं म्हणणंच चूक.

---

मिशिगनची_मावशी | ३० ऑक्टोबर

टेक्ससमध्ये बसून बिनधास्त असणं सोपं आहे. २०२० ला तिथे फरक साडेपाच टक्क्यांचा होता. आणि जॉन्सनचं 'अलेप्पो म्हणजे काय' विसरलात वाटतं! टीव्हीवर सिरियातल्या त्या शहराबद्दल विचारलं तर गडी म्हणे, अलेप्पो म्हणजे काय? अशांच्या हाती देश द्यायचा?

---

त्रस्त_करदाता | ३० ऑक्टोबर

अलेप्पो सोडा हो मावशी. राज्य जॉर्जिया. लिहायचं राहिलं, मला वाटलं शुक्रवार म्हटल्यावर कळेल.

---

आकडेमोड | ३० ऑक्टोबर

जॉर्जिया!! आणि हे तुम्ही पाच प्रतिसादांनंतर सांगताय.

२०२० मध्ये जॉर्जियात बायडन ११,७७९ मतांनी जिंकले. लिबर्टेरियन जो जॉर्गेन्सनला तिथे ६२,२२९ मतं होती, म्हणजे फरकाच्या पाचपट. वाया वगैरे काही नाही, उलट अख्ख्या देशात सगळ्यात जड मतांपैकी एक तुमचं आहे. फक्त त्याचं वजन ज्या पारड्यात पडेल ते तुम्हाला आवडेल का हे बघा. ऑलिव्हर नसता तर तुम्ही कोणाला दिलं असतं? ते नाव आधी कागदावर लिहा.

---

शुभदा_अटलांटा | ३० ऑक्टोबर

आमच्या जॉर्जियात मत वाया जात नाही! इथे ५० टक्के नाही मिळाले तर पुन्हा निवडणूक होते. २०२२ ला याच चेस ऑलिव्हरने सिनेटला २ टक्के घेतले आणि वॉरनॉक-वॉकरला ६ डिसेंबरला पुन्हा उभं राहावं लागलं. आम्ही थँक्सगिव्हिंगला रोज सात-आठ प्रचाराचे फोन घेतले. तेव्हा तुम्ही निर्धास्त द्या, दुसऱ्या फेरीत दोघांतला एक निवडा.

---

आकडेमोड | ३० ऑक्टोबर

शुभदाताई, थांबा, यात माणूस फसेल. ती सोय सिनेट, गव्हर्नर वगैरेंना आहे. राष्ट्राध्यक्षाला नाही. तिथे ज्याची मतं जास्त त्याला सगळे १६ इलेक्टर्स, मग ते ४९ टक्के का असेनात. आणि यंदा जॉर्जियात सिनेटची निवडणूकच नाहीये.

मेन आणि अलास्कासारखी पसंतीक्रमाची पद्धत असती तर हा धागा निघालाच नसता. पहिली पसंती ऑलिव्हर, दुसरी आणखी कोणी, आणि घरी जाऊन लाडू.

---

शुभदा_अटलांटा | ३० ऑक्टोबर

अरे हो, बरोबर. चुकलं माझं.

---

निफाडचा_कांदेवाला | ३० ऑक्टोबर

तुमची चर्चा वाचून शरद जोशींची आठवण झाली. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून हा माणूस चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसला, १९८० ला कांद्याचं आंदोलन उभं केलं, लाखांच्या सभा घेतल्या. 'भीक नको, हवे घामाचे दाम.' अनुदान नको, कर्जमाफीची याचना नको, फक्त सरकारने भाव पाडू नयेत, बाजार मोकळा ठेवावा. १९९४ ला स्वतंत्र भारत पक्ष काढला. सभेला मैदान पुरायचं नाही आणि मतपेटीत खडखडाट. आमचे वडील प्रत्येक मोर्चात होते. मत? मत पंजाला. विचारलं तर म्हणायचे, सोसायटीचं कर्ज काय जोशीसाहेब देणार आहेत का?

यंदाही निर्यातबंदी होतीच, डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत. लोकसभेला नाशिक-दिंडोरीत काय झालं ते बघितलंत ना? त्यासाठी तिसरा पक्ष लागला नाही. ज्याच्यावर राग होता त्याच्या विरोधात जो जड होता त्याला टाकली मतं.

---

चिकित्सक | ३० ऑक्टोबर

अगदी खडखडाट नव्हता. २००४ ला राजुऱ्यातून वामनराव चटप त्याच पक्षाचे आमदार झाले होते. आणि त्याआधीचा राजाजींचा स्वतंत्र पक्ष १९६७ ला लोकसभेत ४४ जागांवर होता. पुढच्या निवडणुकीत आठ. 'लायसन्स-परमिट राज' हा शब्द त्यांनी रूढ केला, पक्ष गेला, शब्द राहिला, आणि १९९१ ला त्यातलं बरंचसं काँग्रेसनेच केलं.

भारतात असा पक्ष काढायचा तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९अ कलमाखाली आधी समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते ही गंमत वेगळीच. आणि लिबर्टेरियनला कृपया 'उदारमतवादी' म्हणू नये, अमेरिकेत लिबरल म्हणजे जवळपास उलट टोक.

---

ऑस्टिनकर | ३० ऑक्टोबर

कोणीच म्हटलं नाही अजून, चिकित्सकराव.

---

बिनधास्त_बंडू | ३० ऑक्टोबर

तुमचं दोनच पक्षांवर रडणं ऐकून हसू येतं. आमच्याकडे दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, वर भाजप आणि काँग्रेस, शिवाय मनसे, वंचित आणि काल अर्ज भरलेले बंडखोर. गेल्या वेळी ज्याला मत दिलं तो आता कुठल्या गटात आहे हे बघायला मला मोबाइल उघडावा लागला. मी सरळ नोटा.

---

आकडेमोड | ३० ऑक्टोबर

नोटावरून आठवलं. मे महिन्यात लिबर्टेरियन पक्षाच्या वॉशिंग्टनच्या अधिवेशनात सातव्या फेरीत ऑलिव्हरसमोर कोण उरलं होतं? 'यापैकी कोणीही नाही'. साठेक टक्के घेऊन त्याने नोटाला हरवलं. त्याच अधिवेशनात ट्रंप भाषणाला आले आणि हुर्यो झाली. या पक्षात दोन माणसं एका खोलीत असली की तीन गट पडतात.

---

पेन्शनर_सॅनहोजे | ३० ऑक्टोबर

त्रस्त, एक विचारू? रागावू नका. २०२० मध्ये कोविडच्या वेळचं सरकारी पीपीपी लोन घेतलं होतंत का?

---

त्रस्त_करदाता | ३० ऑक्टोबर

घेतलं होतं. माफ पण झालं. पण धंदा बंदही सरकारनेच करायला लावला होता ना?

---

पेन्शनर_सॅनहोजे | ३० ऑक्टोबर

मान्य आहे. तरी 'सरकारने खिशातून हात काढावा' म्हणताना तो हात कधीकधी खिशात काही ठेवूनही जातो, एवढं लक्षात असू द्या. माझी सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा) त्या पक्षाच्या जाहीरनाम्यात फार दिवस टिकणार नाही. तुमच्या वयाला ते क्रांतिकारी वाटेल. मला ७३ व्या वर्षी नाही वाटत.

आणि तुम्हाला त्यातलं नक्की काय हवंय? कर, टॅरिफ, की आणखी काही? ऑलिव्हर गर्भपात, गांजा, बंदुका सगळ्यातून सरकार बाहेर काढा म्हणतो. सगळं चालेल का?

---

त्रस्त_करदाता | ३० ऑक्टोबर

खरं सांगू? कर, आणि मेव्हणा. तो अकरा वर्षं एच-१बी व्हिसावर आहे, ईबी-२ ग्रीन कार्डच्या रांगेत. नोकरी बदलायला घाबरतो, आईला बघायला जायला घाबरतो, परत येताना व्हिसाचं स्टँपिंग अडकलं तर काय म्हणून. एका देशाला ७ टक्केच ग्रीन कार्डं हा नियम दोन्ही पक्षांनी वर्षानुवर्षं तसाच ठेवलाय. ऑलिव्हर म्हणतो यायची वाट सोपी करा, जुन्या एलिस आयलंडसारखी, जिथे बोटीतून उतरून लोक देशात यायचे. निदान बोलतो तरी.

---

मिशिगनची_मावशी | ३० ऑक्टोबर

बोलायला काय जातं? त्याला काही करावं लागणारच नाहीये. आणि त्यांच्याच पक्षातला एक मोठा गट त्याच्या या मुद्द्यावरून नाराज आहे. मेव्हण्याचं काम झालं तर काँग्रेसमध्येच, म्हणजे इथल्या संसदेतच होईल. तुमच्या खासदाराला पत्र लिहा, मतपत्रिकेत शेजारीच नाव असेल त्याचं.

---

ऑस्टिनकर | ३० ऑक्टोबर

मावशी, दरवेळी 'आत्ता नको, ही निवडणूक फार महत्त्वाची' म्हणत गेलं तर तिसरा पक्ष वाढणार कधी? राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत देशभरात ५ टक्के मिळाले तर पुढच्या वेळी सरकारी निधी मिळतो.

---

पेन्शनर_सॅनहोजे | ३० ऑक्टोबर

सरकारी निधी. लिबर्टेरियन पक्षाला. 😀

---

आकडेमोड | ३० ऑक्टोबर

आणि त्यांचा आजवरचा उच्चांक २०१६ चा, ३.२७ टक्के. २०२० ला सव्वा टक्काही नाही.

---

कागद_कामवाली | ३१ ऑक्टोबर

नरक चतुर्दशीला पहाटे उठून हे वाचतेय, आणि एकानेही यांना मतपत्रिकेचं शेवटचं पान दाखवलं नाही. मी गेल्या आठवड्यात ग्विनेट काउंटीत मत देऊन आले.

त्रस्तदादा, धंदा कसला आहे? मशिनं आहेत का? काउंटीत त्यांचं टँजिबल पर्सनल प्रॉपर्टीचं रिटर्न भरता ना दरवर्षी?

---

त्रस्त_करदाता | ३१ ऑक्टोबर

साइनबोर्डचं दुकान. प्लॉटर, लॅमिनेटर, प्रिंटर. भरतो, १ एप्रिलच्या आत. यंदा साधारण १८ हजारांची मशिनं दाखवली. का?

---

कागद_कामवाली | ३१ ऑक्टोबर

यंदा मतपत्रिकेवर रेफरेंडम 'ए', म्हणजे सार्वमताचा एक प्रश्न आहे. आत्ता अशी मालमत्ता एकूण ७,५०० डॉलरच्या आत असेल तरच कर माफ आहे. ती मर्यादा २० हजार करायची का, एवढाच प्रश्न आहे. तुम्ही १८ हजारात आहात. मंजूर झालं तर तुमचा तो कर शून्य. इथे इलेक्टोरल कॉलेज नाही, स्विंग स्टेट म्हणजे अटीतटीचं राज्य वगैरे नाही, हो किंवा नाही. तुम्हाला तसंच हवं होतं ना?

त्याच्या आधी राज्यघटनेची दुरुस्ती क्र. १ आहे, राहत्या घराचं करासाठीचं मूल्य महागाईपेक्षा जास्त वाढू नये याची. त्यातून काउंटी आणि शाळा मंडळं बाहेर पडू शकतात, तेव्हा ती नीट वाचा. भाषा अशी आहे की वकिलालाही घाम फुटेल. घरी नमुना मतपत्रिका छापून खुणा करून न्या, आत फोन काढू देत नाहीत. अर्ली वोटिंगला काउंटीतल्या कुठल्याही केंद्रावर चालतं. मंगळवारी गेलात तर मात्र नेमून दिलेल्याच.

---

त्रस्त_करदाता | ३१ ऑक्टोबर

हे मला कोणी आधी का नाही सांगितलं?! पत्रकांचा गठ्ठा घरी येतो, सगळ्यांवर त्या दोघांचेच चेहरे.

---

मिशिगनची_मावशी | ३१ ऑक्टोबर

छान. पण वरच्या ओळीचं, राष्ट्राध्यक्षाचं, काय ठरवलंत?

---

शुभदा_अटलांटा | ३१ ऑक्टोबर

उद्या लक्ष्मीपूजन आणि शेवटचा दिवस, रांग मोठी असणार. मी मोठा डबा भरून चिवडा घेऊन जाणार आहे, रांगेतल्यांना वाटायला. त्रस्त, अल्फारेटाकडे असाल तर या!

---

आकडेमोड | ३१ ऑक्टोबर

शुभदाताई, नका!! २०२१ च्या कायद्याप्रमाणे मतदान केंद्राच्या १५० फुटांत रांगेतल्या मतदाराला खायला-प्यायला देणं गुन्हा आहे. चिवड्यासाठी कोर्टात उभ्या राहाल.

---

ऑस्टिनकर | ३१ ऑक्टोबर

बघा. आणि तुम्ही विचारताय लिबर्टेरियन कशाला हवेत.

---

त्रस्त_करदाता | १ नोव्हेंबर

देऊन आलो. पन्नास मिनिटं रांग. रेफरेंडमला हो. दुरुस्तीचा मजकूर तीनदा वाचून हो. वरच्या ओळीपाशी बराच वेळ उभा होतो, मागून एक बाई खाकरली. आकडेमोड, तुम्ही म्हणालात तसं ते दुसरं नाव रात्री कागदावर लिहून ठेवलं होतं. काय केलं ते बायकोलाही सांगितलेलं नाही, त्यामुळे इथेही नाही.

शुभदाताई भेटल्या. डबा गाडीतच होता. पार्किंगच्या पार टोकाला जाऊन खाल्ला, फूट मोजून.

---

नवा_सभासद_कोथरूड | ३ नोव्हेंबर

धागा वाचला नाही, फक्त शीर्षक वाचलं. माझ्या मते सक्तीचं मतदान आणलं की असे प्रश्न पडणार नाहीत. तुमचं राज्य कुठलं?