शब्दचर्चा : 'पार्टिझनशिप' म्हणजे पक्षपात का?

– एका लेखाचं भाषांतर करतोय. त्यात 'पार्टिझनशिप' हा शब्द पंधरा-वीस वेळा आलाय. पहिल्या खर्ड्यात सगळीकडे 'पक्षपात' ठोकून दिला. पण 'दोन्हीकडच्या खासदारांचा पक्षपात वाढत चालला आहे' या वाक्यापाशी अडखळलो. व्याकरण ठीक आहे, तरी खटकतंय.

– खटकणारच. पक्षपात करायला आधी निवाड्याच्या जागेवर बसावं लागतं. पंच पक्षपात करतो, परीक्षक करतो, दोन लेकरांत डावं-उजवं करणारी आई करते. खेळाडू आपल्या संघाकडून जीव तोडून खेळला तर त्याला कुणी पक्षपाती म्हणत नाही. तुमचे खासदार खेळाडू आहेत. तिथे 'पक्षाभिनिवेश' घ्या. योगसूत्रांतल्या पाच क्लेशांत शेवटचा अभिनिवेश; तिथे तो जगण्याला चिकटून राहण्याबद्दल आहे. राजकारणातही चिकटणं तेच, फक्त वस्तू वेगळी.

– 'पक्षाभिनिवेश' अग्रलेखातच शोभतो हो. बोलताना आपण 'पक्षाचा चष्मा' म्हणतो, नाहीतर सरळ 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं'.

– अर्थ पोचतो, पण लेखात पंधरा वेळा बाब्या कुठे आणणार?

– थोडं मागे जातो. 'पक्ष' म्हणजे मुळात पंख, मग बाजू. संस्कृतात 'पक्षपात' बऱ्याचदा निव्वळ ओढा किंवा जिव्हाळा या अर्थानं येतो, शिवी म्हणून नव्हे. आणि शास्त्रचर्चेत 'पूर्वपक्ष' मांडायचा म्हणजे खोडायचं ते मत आधी स्वतःच नीट मांडायचं. आज टीव्हीवरच्या चर्चेत कुणाला पूर्वपक्ष करायला सांगून बघा!

– खेळाडू-पंच हा भेद मला पटला, पण खेळाडूच पंच झाला तर? सभागृहाचे अध्यक्ष बघा. पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात आणि खुर्चीवर बसले की तटस्थ राहायचं. ब्रिटनमध्ये स्पीकर पक्ष सोडतो. आपल्याकडे 1967 मध्ये नीलम संजीव रेड्डी यांनी लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर काँग्रेसचा राजीनामा दिला होता. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यातही अध्यक्षांना ही सवलत आहे : या पदावर निवड झाल्यामुळे पक्ष सोडला, तर सदस्यत्व जात नाही. सवलत वापरणारे किती, ते सोडा. म्हणजे तोच माणूस बाकावर असताना त्याचा पक्षाभिनिवेश आणि खुर्चीवर गेला की त्याचाच पक्षपात.

– वा, हे छान सांगितलंत. आता 'नॉन-पार्टिझन' आणि 'बायपार्टिझन'चं काय करू? दुसऱ्याला 'द्विपक्षीय' लिहिलंय.

– 'द्विपक्षीय' अजिबात नको. वाचकाला दोन देशांतला करार वाटेल. 'दोन्ही पक्षांच्या पाठिंब्यानं' असं उलगडून लिहा, लांब झालं तरी चालेल. पहिल्याला एकच शब्द पुरणार नाही. निवडणुकीला उभा असेल तर 'अपक्ष'. संस्था किंवा अधिकारी असेल तर 'निःपक्षपाती'. पक्षच नकोत असं म्हणायचं असेल तर 'पक्षविरहित', जयप्रकाश नारायण यांची लोकशाही तशी होती. पक्षात राहूनही त्यापलीकडे बघणारा असेल तर 'पक्षातीत'. अपक्ष माणूस निःपक्षपाती असतोच असं नाही, हे बहुमत हुकलेल्या कुठल्याही सरकारला विचारा.

– आणि लेखात टिटोचे 'पार्टिझन' आले असतील तर त्यांना हात लावू नका. ते दुसऱ्या महायुद्धातले युगोस्लाव्ह गनिमी लढवय्ये.

– टिटो नाहीत, सुटलो. सगळं पुन्हा फिरवलं. 'पक्षपात' दोनच ठिकाणी उरला, दोन्हीकडे न्यायाधीशांबद्दल. एक मात्र अजून अडलंय : 'पार्टिझन व्होटर'. 'पक्षनिष्ठ' लिहिलं तर कौतुक होतं, 'पक्षांध' लिहिलं तर शिवी.

– 'पक्षाचा बांधलेला मतदार' बघा. उमेदवार त्यालाच 'हक्काचा मतदार' म्हणतो, पण तो शब्द तुम्ही वापरलात तर तुम्हीही त्याच्या बाजूचे झालात.