एमएम ५४०: टायर नंतर, आधी चासी

एकाने विचारलंय, जुनी एमएम ५४० (महिंद्राची डिझेल जीप) घेतली आहे, तर ३१ इंची टायर आधी बसवू का? माझं मत, टायर सगळ्यात शेवटी.

आधी गाडीखाली आडवे पडा आणि हातोडीने चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, ठोकत जा. 'टण्ण' वाजलं तर पत्रा शाबूत, 'बद्द' वाजलं की समजायचं, आतून गंजलाय. माझ्या गाडीत मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) शॅकलपाशी, म्हणजे पाटे चासीला जोडणाऱ्या कडीपाशी, स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. वरून रंग चकचकीत, आत कित्येक पावसाळ्यांचा वाळलेला चिखल! बॉडी उचलून चासी कापून जोडण्यातच उन्हाळा गेला. (घरात तेव्हा माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं.)

इंजिनाची फार चिंता नको. ते २११२ सीसीचं प्यूजो डिझेल जुन्या मेस्त्रींच्या हाताखालचं आहे. मात्र ताकद बेताची. मूळ टायर साधारण २८ इंची, त्याजागी ३१ इंची घातले की गिअरिंग दहा टक्क्यांहून जास्त उंच होतं, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये ओढ तेवढी कमी. घाटात दुसऱ्यावर चढणारी गाडी पहिल्यावर रडते, ब्रेकवर ताण येतो, आणि काट्यावर ६० असताना तुम्ही ६६ ने पळत असता. स्टेअरिंग तर विचारूच नका.

आणि हो, इंजिन बदलायचं डोक्यात असेल तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. पंधरा वर्षांवरची गाडी दर पाच वर्षांनी तपासणीला न्यावीच लागते, तिथे अडकाल.

चासीचे फोटो टाका, मागच्या क्रॉसमेंबरचा (चासीच्या आडव्या दांड्याचा) जवळून.