जेल, ब्राइडवेल, पेनिटेन्शरी: सगळ्यांना 'तुरुंग'च म्हणायचं का?

प्रश्न
इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर काउंटीतल्या जुन्या तुरुंगांवरचा मजकूर मराठीत आणतोय. एकाच पानावर जेल, ब्राइडवेल, हाउस ऑफ करेक्शन, पेनिटेन्शरी! सगळीकडे 'तुरुंग' लिहून भागेल का? हाउस ऑफ करेक्शनला 'सुधारगृह' सुचलंय.

प्रतिसाद १
नाही भागणार. अठराव्या शतकातलं काउंटी जेल हे मुख्यतः शिक्षा भोगायचं ठिकाण नव्हतंच. खटला उभा राहीपर्यंत, फाशी किंवा हद्दपारी अमलात येईपर्यंत, नाहीतर कर्ज फिटेपर्यंत माणूस तिथे अडकवून ठेवायचा. फिरतं न्यायालय वर्षातून दोनदा भरायचं, त्यामुळे कच्चे कैदी महिनोन्‌महिने पडून. ग्लॉस्टरचं जेल तर जुन्या किल्ल्यातच होतं. मी 'बंदिखाना' घेईन. जेलर मात्र जेलरच राहू द्या.

प्रतिसाद २
'सुधारगृह' नको. मराठी वाचकाला लगेच बालसुधारगृह आठवतं. आपल्या सरकारी खात्याच्या नावातही आता 'कारागृह व सुधारसेवा' आहे, पण त्या 'सुधार'चा अर्थ आजचा. हाउस ऑफ करेक्शनमध्ये सुधारणा म्हणजे काम आणि फटके. भटके, भिकारी, किरकोळ चोर आत टाकून त्यांच्याकडून मजुरी करून घ्यायची. आठव्या हेन्रीचा लंडनमधला ब्राइडवेल राजवाडा १५५३मध्ये त्याच्या मुलाने, सहाव्या एडवर्डने, याच कामासाठी शहराला दिला. पुढे १५७६ आणि १६१०च्या कायद्यांनी प्रत्येक काउंटीवर अशी घरं बांधायची सक्ती आली आणि राजवाड्याचं नाव सगळ्यांनाच चिकटलं. आपल्याकडे 'याला येरवड्याला पाठवा' म्हणतात तसंच. म्हणून ब्राइडवेल तसंच ठेवा, हाउस ऑफ करेक्शनला 'श्रमगृह'.

प्रतिसाद ३
'श्रमगृहा'ला माझा विरोध. वर्कहाउस ही वेगळीच संस्था, गरिबांसाठीची. तिला काय म्हणणार मग? 'सक्तमजुरीगृह' बोजड आहे, पण घोटाळा तरी करत नाही.

प्रतिसाद १
मान्य. बोजड चालेल.

प्रतिसाद ४
ग्लॉस्टरशायरमध्ये हा भेद टाळताच येणार नाही. सर जॉर्ज ओनेसिफरस पॉल या जमीनदाराने तुरुंगसुधारणेचा प्रश्न लावून धरला, १७८५मध्ये काउंटीसाठी खास कायदा झाला आणि विल्यम ब्लॅकबर्न या वास्तुशिल्पीकडून पाच इमारतींचे आराखडे करून घेतले. नॉर्थलीच, लिटलडीन, हॉर्सली आणि ब्रिस्टलला लागून असलेलं लॉफर्ड्स गेट ही चार सक्तमजुरीगृहं. ग्लॉस्टरला मात्र १७९१मध्ये एकाच आवारात तिन्ही प्रकार: जेल, सक्तमजुरीगृह, पेनिटेन्शरी. तिथे सगळीकडे 'तुरुंग' लिहिलंत तर 'तुरुंगात तुरुंग आणि तुरुंग' असं वाक्य होईल!

पेनिटेन्शरी ही तेव्हाची नवी कल्पना. अमेरिकेतल्या युद्धामुळे तिकडे कैदी पाठवणं बंद पडलं, तेव्हा १७७९च्या कायद्याने हद्दपारीऐवजी दीर्घ कैद पुढे आली: स्वतंत्र कोठडी, काम, धर्मोपदेश. मूळ शब्दात पश्चात्ताप आहे म्हणून कुणी 'प्रायश्चित्तगृह' सुचवेल, पण त्याला गोमूत्राचा वास येतो. 'एकांत कारागृह' बरं.

प्रश्नकर्ता
आभार! म्हणजे बंदिखाना, सक्तमजुरीगृह, एकांत कारागृह. आणि १८६५च्या कायद्यानंतर जेल आणि हाउस ऑफ करेक्शन हा भेदच गेला, तिथून पुढे सरळ 'स्थानिक तुरुंग'. १८७८मध्ये ते काउंटीकडून सरकारच्या ताब्यात गेले. एक शंका उरली. जेलरला पगार नसे किंवा नावापुरता असे, तो कैद्यांकडून फी घ्यायचा. निर्दोष सुटलेल्यालाही पैसे भरल्याशिवाय बाहेर सोडत नसत. जॉन हॉवर्ड १७७३मध्ये बेडफर्डशायरचा शेरीफ झाला आणि याच प्रकाराने हादरून पुढे देशभरचे तुरुंग पाहत फिरला. 'फी' फार सभ्य वाटतं. 'लाच' म्हणू?

प्रतिसाद २
लाच नव्हे, ती उघड आणि रिवाजाची होती. 'दस्तुरी' लिहा. पण नव्या कैद्याकडून जुने कैदी जे उकळायचे, पैसे दे नाहीतर अंगावरचे कपडे उतरव, त्याला वेगळा शब्द हवा. 'हप्ता' जमणार नाही, ते एकदाच द्यायचं असे. 'खंडणी' कशी वाटते?