मदत हवी आहे: डॅशबोर्ड आहे, निर्णय मात्र जुनेच

नमस्कार मंडळी. जळगावात आमची दालमिल आहे. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरवर डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एका स्क्रीनवर दाखवणारा फलक, बसवला. तुरीची आवक, उतारा (तुरीतून किती डाळ निघाली), चुनी (डाळीचा चुरा), उधारी, सगळं रोज दिसतं. पण खरेदी अजून बाबाच ठरवतात. तुरीचा दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगतात, आणि बहुतेक वेळा बरोबरही असतात! मागच्या महिन्यात मात्र एकाच व्यापाऱ्याच्या सलग तीन लॉटचा उतारा घसरलेला स्क्रीनवर दिसत होता, तरी चौथा ट्रक उतरवून घेतला. व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड टीस यांनी २००७ मध्ये बदलत्या परिस्थितीत टिकायला धंद्याला लागणाऱ्या तीन क्षमता मांडल्या: बदल हेरणं, संधी साधणं, कामाची घडी बदलणं. आमची गाडी पहिलीवरच अडली आहे: बदल दिसतो, पण त्यावर निर्णय होत नाही. आकडा बघून खरेदी थांबवायचा अधिकार कुणाला द्यावा? बाबांची पारख त्यात कशी धरावी? कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा.