मदत हवी आहे: घराजवळ बंदुकांचं दुकान येतंय, सुनावणीत काय मागावं?

रानजाई

नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या एका लहान शहरात आम्ही बारा वर्षं राहतोय. ज्या प्लाझात किराणा घेतो, तिथल्या रिकाम्या गाळ्यात बंदुकांचं दुकान काढायचा अर्ज आलाय. काचेवर नोटीस लागली, तेव्हा कळलं. शेजारच्याच गाळ्यात लेकीचा कथ्थकचा वर्ग भरतो, मध्ये फक्त एक भिंत. पुढच्या महिन्यात प्लॅनिंग कमिशनपुढे (कुठल्या जागेत काय चालवू द्यायचं ते ठरवणारं शहराचं मंडळ) सुनावणी आहे आणि बोलायला प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतील.

बंदुका विकूच नयेत, असं म्हणायला मी जाणार नाही. अर्जदाराशी माझं काही वाकडं नाही. पण दुकान येणारच असेल, तर ते कसं चालवायचं हे ठरवण्यात शहराचा हात कितपत पोचतो, ते मला समजून घ्यायचंय. २६ मे २०२१ ला सॅन होजेच्या लाइट रेल यार्डात एका कर्मचाऱ्याने आपल्याच नऊ सहकाऱ्यांना गोळ्या घालून मारलं. माझा नवरा त्याच लाइट रेलने ऑफिसला जायचा. पुढे ऑगस्टच्या शेवटापर्यंत गाड्या बंद होत्या. बंद स्टेशनावरून गाडी नेताना रोज घशाशी यायचं.

त्याच जूनमध्ये सॅन होजेच्या कौन्सिलने बंदुकीच्या प्रत्येक विक्रीचं व्हिडिओ आणि आवाजासकट रेकॉर्डिंग करणं दुकानांना सक्तीचं केलं. सनीवेलच्या मतदारांनी तर २०१३ सालीच 'मेझर सी' हा मतदानाला ठेवलेला प्रस्ताव मंजूर केला: बंदूक चोरीला गेली तर ४८ तासांत पोलिसांना कळवायचं, काडतुसांच्या विक्रीची नोंद दोन वर्षं जपायची. आमच्या शहरात यातलं काय मागता येईल? कुणी अशा सुनावणीत बोललंय का? वकील लावायची ऐपत नाही, पण अभ्यास करायची तयारी आहे.

घाटमाथा

रानजाई, मी शेजारच्या शहरात चार वर्षं प्लॅनिंग कमिशनवर होतो, त्यामुळे थोडं सांगू शकतो. आधी तुमच्या शहराचा म्युनिसिपल कोड उघडा. शाळा, घरं, दारूची दुकानं यांच्यापासून किती अंतर हवं, ते त्यात लिहिलंय का बघा. अलमिडा काउंटीत ५०० फुटांची अट होती. एका दुकानासाठी अर्ज करणारे त्याविरुद्ध कोर्टात गेले. २०१७ मध्ये नाइन्थ सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाच्या मोठ्या पीठाने काउंटीच्या बाजूने निकाल दिला, आणि पुढे सुप्रीम कोर्टाने ते प्रकरण ऐकायला घेतलं नाही. मात्र सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या ब्रूएन निकालानंतर बंदुकांबाबतचा कुठलाही नियम देशाच्या जुन्या परंपरेत बसतो का, हे कोर्ट बघतं. त्यामुळे कोडमध्ये अंतराची अट नसेल, तर नुसतं 'दुकान नको' म्हणण्यात तुमची दोन मिनिटं वाया जातील.

कॅमेऱ्यांवरही वेळ घालवू नका. १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियाभर परवानाधारक दुकानांना कॅमेरे लावून फुटेज वर्षभर ठेवावंच लागतं. मागायचं ते स्थानिक परवान्यावर मागा. तो पोलिसप्रमुखांकडून दरवर्षी नव्याने घ्यावा लागेल आणि त्याआधी स्टॉकची मोजणी होईल, अशी अट घालायला सांगा. एटीएफला (बंदुकांच्या दुकानांवर देखरेख करणारं केंद्रीय खातं) वॉरंटशिवाय नेहमीची तपासणी बारा महिन्यांत एकदाच करता येते आणि प्रत्यक्षात बऱ्याच दुकानांत ती वर्षानुवर्षं होतच नाही. शहराने लक्ष ठेवलं तरच ठेवलं जाईल.

उंबर

ताई, मी स्वतः बंदूक बाळगतो, क्ले टार्गेट मारायला जातो, तरी तुमच्या बाजूचा आहे. ज्यांना कायद्याने बंदूक घेताच येत नाही अशांच्या हातात बंदूक जाते ती बरेचदा दुसऱ्याच्या नावावर घेतलेली. याला इथे 'स्ट्रॉ परचेस' म्हणतात. मी काउंटरवर उभा असताना हे डोळ्यांनी पाहिलंय. एक तरुण काचेवर बोट ठेवून 'ही, ही नको, ती' असं सांगत होता, आणि सोबतच्या मुलीने बंदुकीकडे पाहिलंसुद्धा नाही, फक्त लायसन्स काढून फॉर्म भरायला घेतला. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म बाजूला सरकवला आणि तिला हळू आवाजात विचारलं, 'ही कुणासाठी घेतेयस?' ती काही बोलली नाही. बाईंनी विक्री तिथेच थांबवली. हे ओळखता आलं, कारण माणसं नीट शिकवलेली होती. २०२२ पासून अशा खरेदीला केंद्रीय कायद्यात १५ वर्षांपर्यंत कैद आहे, पण ओळखायचं काम काउंटरवरच होतं. तेव्हा विक्रेत्यांच्या लेखी प्रशिक्षणाची अट मागाच.

एटीएफचाच २००० सालचा अहवाल आहे: गुन्ह्यांत सापडलेल्या, माग काढलेल्या बंदुकांपैकी ५७ टक्के बंदुका जेमतेम एक टक्का विक्रेत्यांकडून गेलेल्या होत्या. बहुतेक दुकानदार नीट वागतात. तुमच्या गावात येणारा त्यांच्यातला राहावा, एवढंच मागायचंय, असं स्पष्ट सांगा. बंदूकवालेही ऐकतील.

आजोळ

एक बाजू राहतेय. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या. २००९ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये एकाच दुकानातून आठवड्याभरात तिघांनी बंदुका घेतल्या आणि काही तासांतच जीव दिला. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. त्या दुकानदाराला हे फार लागलं. तो, इतर दुकानदार आणि आरोग्य खात्यातले लोक एकत्र बसले. त्यातून काउंटरवर ठेवायची पत्रकं आणि गिऱ्हाईक खचलेलं दिसलं तर काय बोलावं याची साधी टिपणं तयार झाली. कायद्याची सक्ती नव्हती. हे मागितलंत तर अर्जदारही बहुधा नाही म्हणणार नाही. माझ्या भाच्याला आम्ही असंच गमावलंय, म्हणून सांगते. सुनावणीच्या आधी अर्जदारांना जाऊन भेटा.

रानजाई

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आजोळ, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवेना.

कोड पाहिला. शाळा आणि पाळणाघरापासून ६०० फूट ही अट आहे, नृत्यवर्गाचा उल्लेख नाही. शाळेच्या कुंपणापर्यंतचं अंतर पट्टी धरून मोजलं, ६०० च्या वर भरतं. म्हणजे अंतराचा मुद्दा सोडलाय. दोन मिनिटांत वार्षिक परवाना आणि स्टॉकची मोजणी, विक्रेत्यांचं लेखी प्रशिक्षण, काउंटरवरची पत्रकं एवढंच बोलणार. शनिवारी अर्जदारांना भेटायला जातेय, त्यांनी फोनवर 'या' म्हटलंय. उंबर, तुम्ही जवळपास राहत असाल तर सोबत याल का? तुमच्यासारखा बंदूक बाळगणारा माणूस शेजारी असला, तर ते मोकळेपणाने बोलतील असं वाटतं.