भाड्याचं घर सोडून नवरा-बायकोनं कायम हॉटेलात राहणं बरोबर आहे का? आम्ही चौदा महिने राहतोय

तापीकाठची
मुद्दाम विषय काढतेय. गेल्या आठवड्यात अमळनेरला, सासरी, लग्नात एकाच मांडवात तीन बायकांनी विचारलं, घर का सोडलं गं, काही झालं का? काही झालेलं नाही. नवऱ्याचं काम केळीची कोल्ड स्टोरेज आणि राईपनिंग चेंबर (केळी पिकवायच्या खोल्या) उभारायचं, एका साइटवर दोन ते पाच महिने की पुढची साइट. सावदा, रावेर, शहादा, शिरपूर, मधे बऱ्हाणपूर पण झालं. माझं काम जीएसटी रिटर्न भरायचं, लॅपटॉप आणि नेट असलं की कुठूनही होतं. जळगावला साडेनऊ हजारांचा वन बीएचके होता, त्यात मी एकटी आणि हा पंधरा दिवसांनी रविवारी यायचा, कपडे मशीनला टाकून झोपायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. लग्नाला तीन वर्षं झाली त्यातली दोन अशी गेली. मग फ्रिज, मशीन, पलंग सगळं दिराकडे टाकलं आणि याच्याबरोबर निघाले.

आता हिशोब, कारण पहिला प्रश्न तोच येतो. महिन्याचं बोलून घेतलं तर साधी रूम रोजी साडेसहाशे ते सातशेला मिळते, एप्रिल-मेमधे एसी लागतोच तेव्हा नऊशे. कंपनी रोजचे सहाशे देते, वरचे आमच्या खिशातून. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या रूमवर जीएसटी १२ ऐवजी ५ टक्के झालाय तेवढा आधार. वीस लाखांच्या आत धंदा असलेले छोटे लॉज तर नोंदणीच करत नाहीत, तिथे तोही नाही.

सामान म्हणजे दोन बॅगा, लॅपटॉप आणि एक स्टीलचा डबा, त्यात आईनं लग्नात दिलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. नवीन रूमवर गेलं की आधी टीव्हीशेजारचं टेबल ओल्या फडक्यानं पुसते, मोबाईलवर पूर्व बघते आणि देव मांडते, मग बॅग उघडते. मी सुखात आहे. यात चूक काय ते सांगा, पण मनापासून सांगा.

भुसावळची मावशी
ताई मी विरोधात आहे, राग मानू नकोस. माझे मिस्टर रेल्वेत ड्रायव्हर, एकतीस वर्षं क्वार्टरमधे काढली, ते आज इटारसीच्या रनिंग रूमला (ड्रायव्हर-गार्डच्या मुक्कामाची खोली) तर उद्या इगतपुरीच्या, म्हणजे घरी नसणारा नवरा काय असतो ते मला चांगलं माहितीय. तरी घर सोडावं असं कधी वाटलं नाही, कारण घर आपल्या दोघांपुरतं नसतं. माझ्या त्या दोन खोल्यांत बहिणीचा मुलगा राहून आयटीआय झाला, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या दीड महिना होत्या, नणंदेचं पहिलं बाळंतपण तिथेच. तू सांग, उद्या तुझी आई दवाखान्यासाठी आली तर तिला कुठे झोपवशील? दुसरी रूम घेशील, पैसे देशील, पण सकाळी उठून तिला हवा तसा चहा कुठे करून देशील? आणि श्रावणात आपल्या खानदेशात कानबाई देवी बसते, तिचे रोट असतात, ते भाऊबंदात घरीच खायचे असतात, हॉटेलात कानबाई बसवता येते का?

धुळेकरीण
मी पूर्ण बाजूनं. आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, कधी रात्री दोनला. मी नोकरी करून आले की टाकी, ड्रम, पिंप, कळशा, कोणतं प्यायचं कोणतं वापरायचं हेच डोक्यात चालू. पाणी येणार म्हणून लग्नाला गेले नाही असं माझं दोनदा झालंय. हॉटेलात तोटी फिरवली की पाणी, चादर बदलून मिळते, फरशी दुसरं कुणीतरी पुसतं. आपल्याकडे घर घर म्हणतात तेव्हा त्या घरात दिवसभर वाकलेली बाई कुणाला दिसत नाही. मावशी, तुम्ही एवढ्या सगळ्यांचं केलंत त्याला नमस्कारच आहे, पण त्या दीड महिन्यात तुम्ही किती तास झोपलात ते पण लिहा ना.

शिरपूरचा लॉजवाला
काउंटरवर अकरा वर्षं बसतोय, म्हणून लिहितो. महिनेवारी गिऱ्हाईक आम्हाला हवंच असतं, ऑफ सीझनला तेच वीजबिल काढून देतं. पण ताई एक गोष्ट कुणी तोंडावर सांगत नाही ती मी सांगतो. भाड्याच्या घराला लिव्ह अँड लायसन्सचा करार असतो, महाराष्ट्रात तो रजिस्टर करावाच लागतो, त्यात नोटिशीची मुदत असते. आमच्याकडे फक्त रजिस्टरमधली एक ओळ आणि आधारची झेरॉक्स. लग्नाची दाट तीथ आली आणि वऱ्हाडानं अख्खा मजला मागितला की महिनेवारीवाल्याला दोन दिवसांत बॅग भरा म्हणतात, मी स्वतः म्हटलंय, तेव्हाही वाईट वाटलं होतं. डिसेंबरात सारंगखेड्याची यात्रा, घोड्यांचा बाजार, त्या काळात शहादा-दोंडाईचा पट्ट्यात रूम शोधून बघा. दुसरं म्हणजे रूममधे इंडक्शन, कॉइल लावू नका. जुन्या लॉजला चार-चार रूम एका एमसीबीवर (लोड वाढला की पडणारं बटण) असतात, एकानं कॉइल टाकली की सगळ्यांचा अंधार, आणि गादीला लागलं तर कुणाच्या जिवावर येईल सांगता येत नाही.

तापीकाठची
लॉजवाले दादा, हे आमच्याबरोबर झालंय. मेमधे एका गावात (नाव नको) संध्याकाळी सहाला सांगितलं सकाळी खाली करा. बाहेर ४४ डिग्री, हा साइटवर, मी दोन बॅगा आणि देवांचा डबा घेऊन स्टँडजवळच्या रसवंतीत तीन तास बसले. त्या दिवशी रडले, लपवत नाही. तेव्हापासून आधीच विचारते, तीथ कधीच्या आहेत, त्या दिवसांत आम्हाला ठेवणार का, आणि तसं व्हॉट्सॲपवर लिहून घेते.

मावशी, आईच्या चहाचं वाचून गप्प बसले. त्याला माझ्याकडे उत्तर नाही अजून.

माजी एमआर, चाळीसगाव
तीन वर्षं औषध कंपनीचा एमआर म्हणून जळगाव-धुळे-नंदुरबारचे लॉज पालथे घातलेत, त्यामुळे पोटाबद्दल बोलतो. पहिला महिना शेवभाजी म्हणजे स्वर्ग. तिसऱ्या महिन्यात ती लाल तर्री बघूनच छातीत जळायला लागतं. मी अठ्ठाविसाव्या वर्षी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर होतो, सॅम्पल खिशातच असायचे. रोजचं साधं वरण-भात हॉटेलात मागितलं तरी जिऱ्याचा तडका मारूनच येतं. काही वर्षं राहायचंच असेल तर रूमच्या आधी खानावळ शोधा, जिथे घरची बाई भाकरी थापते तिथे, आणि मग तिच्या चालत्या अंतरावर लॉज घ्या. आम्ही उलटं करायचो, तिथेच फसलो.

तापीकाठची
खाण्याचं शंभर टक्के खरं. पण एक सांगते. रावेरला जानेवारीत हॉटेलच्या मागच्या अंगणात आचारी बामणोदची वांगी भाजत होता, कपाशीच्या काड्यांवर, हिरवी पांढरट मोठी वांगी, साल काळी पडून फुटली की आतून वाफ येते आणि धुराचा वास सगळ्या जिन्यात. मी खिडकीतून बघत होते तर मालकीणबाई म्हणाल्या या खाली. मिरच्या मी ठेचल्या, कांद्याची पात मी चिरली, वांगी त्यांनी ठेचली, आणि आम्ही सहा जण, त्यात दोन ट्रकवाले, कळण्याच्या भाकरीबरोबर तिथेच खाली बसून जेवलो. जळगावच्या फ्लॅटमधे दोन वर्षांत शेजारणीनं मला नावानं हाक मारली नव्हती.

हिशोबी पारोळेकर
सगळं भावनेनं चाललंय, आकडे बघा. सातशे रोज म्हणजे महिन्याला एकवीस हजार, वर्षाला अडीच लाखांच्या वर. कंपनीचे धरूनही खिशातून महिन्याला तीन हजार, उन्हाळ्यात नऊ, वर खाणं बाहेरचं. माझा सल्ला, साइट तीन महिन्यांपेक्षा मोठी असेल तर गावात एक खोली बघा, रावेर-सावद्याकडे चार हजारात मिळते, पाच किलोचा छोटू सिलेंडर घ्या, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो. एक कुकर, एक तवा. कंपनीचे सहाशे रोजचे वाचतात ते गावाकडे प्लॉटला लावा. चाळिशीत नवऱ्याच्या कंपनीनं काम थांबवलं तर कोणत्या रूममधे जाणार?

तापीकाठची
दादा, कंपनी हॉटेलचं बिल बघूनच पैसे देते, खोली घेतली तर ते बंद, म्हणजे वाचणारे सहाशे वाचतच नाहीत. आणि दर साइटला डिपॉझिट, कूलर, ते सगळं नेणं-आणणं. दोनदा गणित करून बघितलंय. मोठ्या साइटला छोटूचा विचार मात्र करते, हे सुचलं नव्हतं. काम थांबलं तर काय, हा प्रश्न बरोबर आहे, त्यासाठी माझ्या कमाईतले आठ हजार दर महिन्याला वेगळे जातात, त्याला हात नाही.

साक्रीचा
माझी आजी म्हणायची, "जठे धनी तठे घर शे वं माय." आमच्या साक्रीकडचे ठेलारी बघा, दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन निघतात ते पावसाळ्यालाच परत, घोड्यावर खाट, खाटेवर लेकरू आणि कोंबड्या. त्यांना कुणी विचारत नाही घर का सोडलं. आजारपणात काय करता हे मात्र लिहा ताई, माझी खरी काळजी ती.

तापीकाठची
शहाद्याला मला डेंगू झाला होता. चार दिवस हा साइट सोडून बसला, हॉटेलच्या पोरानं रात्री अकराला मुगाची खिचडी आणून दिली, मीठ कमी, मागितली होती तशी. फ्लॅटमधे असते तर एकटीच तापात पडले असते, हे मला कुणी कितीही सांगितलं तरी पटणार नाही की ते बरं होतं.

भुसावळची मावशी
खिचडीवाल्या पोराला देव सुखी ठेवो, पण बाई, प्रत्येक गावात तसं पोर असेल असं नाही. मी माझ्या मतावर आहे. तू म्हणतेस नवरा जवळ हवा, ते मला कळतं, मला ते मिळालं नाही म्हणून जास्तच कळतं. धुळ्याच्या ताईला पण सांगते, त्या दीड महिन्यात झोप चार तासच होती, खोटं कशाला बोलू. तरी सासूबाईंनी पट्टी काढल्यावर पहिलं माझं तोंड बघितलं होतं, ते मला अजून आठवतं.

अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, कुठे असशील? सासर अमळनेर म्हणतेस, माहेर कुठलं ते लिहिलं नाहीस.

तापीकाठची
माहेर यावल मावशी. बाबा गेल्यावर आई भावाकडे पुण्याला गेली, ते घर बंद आहे. या अखाजीला आम्ही सावद्याला असू, नवीन साइट.

भुसावळची मावशी
सावदा इथून जवळच आहे. आदल्या दिवशी ये, आईलाही बोलावून घे. खापर आहे माझ्याकडे, पुरण मी घालीन, सांजोऱ्या तू कर. झोका अंगणातल्या निंबाला बांधतोच दरवर्षी.